नोडसची जागा

फोन आला तेव्हा मिस्त्री शाळेच्या आवारात, सूर्यघड्याळाची दांडी मांडीवर घेऊन पॉलिश करत बसला होता. "तुमच्या मिसेस सकाळीच गेल्या," दवाखान्यातली नर्स म्हणाली. त्याने हातातल्या फडक्याकडे पाहिलं. फडक्यात लाल दोरा अडकला होता.

दगडकाम त्याचं, गणित बायकोचं. दांडीच्या सावलीने तास कळतो. तारीख कळायला मात्र दांडीवर नेमक्या जागी एक मणी लागतो. पुस्तकात त्याला नोडस म्हणतात. लॅटिनमध्ये नोडस म्हणजे गाठ. बायको आधी लाल दोऱ्याची गाठच मारायची, तिच्या सावलीवरून रेघा आखायची आणि मग मणी. पॉलिशआधी गाठीपाशी ओरखडा काढायचा, हे दरवेळी तीच त्याला सांगायची. या खेपेला सांगायला ती नव्हती, आणि गाठ फडक्याबरोबर निघून आली.

रेघही एकच आखून झाली होती, दिवस-रात्र समान असतात त्या दिवसाची.

"मणी नसला म्हणून काय अडतंय?" हेडमास्तर म्हणाले. "वेळ दाखवेल ना? तारखेला कॅलेंडर आहे." कुणावाचून अडत नाही, हे मिस्त्री महिनाभर ज्याच्यात्याच्या तोंडून ऐकतच होता.

समान दिवस-रात्रीचा तो दिवस उजाडला. मण्याची सावली रेघेवर पडेल तीच गाठीची जागा. मिस्त्री शाळेच्या भिंतीवर दांडी बसवून शिडीवर चढला, पण त्याच्याच डोक्याची सावली रेघ झाकू लागली. एरवी बायको खालून ओरडायची, "वर घे, केसभर! केस म्हटलं मी, दोरखंड नाही!"

खाली मेहुणा येऊन उभा राहिला. "दाजी, मी सांगतो ना खालून."

"तुला रेघ सापडेल? तीन आठवडे बहीण दवाखान्यात होती, तेव्हा तुला दवाखाना सापडला नाही."

मेहुण्याचा चेहरा पडला. "तुम्ही तरी कुठे होतात त्या सकाळी?" एवढंच म्हणून तो फाटकाबाहेर गेला.

मिस्त्रीने त्याला हाक मारली नाही. शिडी डावीकडे लावली, उजवीकडे लावली, मान वाकडी करून पाहिली. ऊन भिंतीवरून गेलं, तसा तो उतरला.

तसा दिवस आता सहा महिन्यांनी. मणी बसवायचा राहिला आहे. मेहुण्याला उत्तरही द्यायचं राहिलं आहे.