जाळीतला कंद

मुलं मला शिट्टीबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पाठ वळली की म्हणतात, पण माझे कान अजून शाबूत आहेत. या वनस्पती उद्यानात मला एकतीस वर्षं झाली. कुणी गवतात शिरलं, कुणी फुलाला हात लावला, की मी शिट्टी फुंकते. शाळेच्या सहलीतली साठ पोरं एकदम आत सोडून बघा, म्हणजे मी अशी का झाले ते कळेल.

आमच्या डोंगरी विभागात एक कंदाचा वेल आहे. धरणाच्या पाण्यात एक अख्खा उतार बुडणार होता, तेव्हा आमच्या जुन्या साहेबांनी तिथून तो कंद उचलून आणला. त्या जातीचा दुसरा वेल पुढे कुठेच सापडला नाही. मी तो स्वतःच्या हाताने लावला, भोवती सिमेंटचा कठडा घालून घेतला, वर लोखंडी जाळी बसवली. डोळ्यांत तेल घालून जपला म्हणा ना.

तीन वर्षांपूर्वी ऑफिसात ठरलं, की शाळेच्या मुलांना झाडं शिकवायला आदिवासींना बोलवायचं. त्या बुडालेल्या उतारावरची माणसं आता शहराच्या कडेला वस्तीत राहतात. त्यांच्यातली एक आजी यायला तयार झाली. मला काही ते रुचलं नव्हतं. आम्ही काय इतकी वर्षं माशा मारत होतो?

पहिल्याच दिवशी आजी त्या वेलापाशी आली आणि जाळीला धरून खालीच बसली.  मग म्हणाली, "हा आमचा. पानं गळाली की खणायचा, पोरांना घेऊन."

"आजी, इथे काही खणायचं नसतं."

"मग शिकवू काय?"

"दाखवा. तोंडाने सांगा."

"सांगून पोहता येतं का गं बाई?"

मग तिने मला समजावलं. त्यांच्यात पोर दहा वर्षांचं झालं की त्याच्या हाती खणायची काठी देतात. कडेकडेने माती उकरायची, कंदाचा खालचा भाग काढून घ्यायचा, वरचं डोकं वेलासकट त्याच खड्ड्यात परत ठेवायचं, भुसभुशीत मातीत. "दरसाल खाल्ला तर राहतो," ती म्हणाली, "नुसता ठेवला तर आतल्या आत कुजतो."

मला हसू आलं. "म्हणजे वाचवायचा म्हणून खायचा? भलतंच काहीतरी!" एवढ्यावर थांबले असते तरी बरं, पण दुपारी डबा खाताना मी ते सगळ्यांना नक्कल करून सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या वर्षी तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "अहो आजी, हा शेवटचा आहे."

"म्हणून तर म्हणते."

मी ऐकून घेतलं आणि कामाला लागले. तीही भांडली नाही. मुलांना साली हुंगायला लावायची, पानं चोळून दाखवायची, आणि कंदापाशी आली की जाळीबाहेर उभी राहून हवेत खणून दाखवायची. मुलं बिचारी मान डोलवायची.

यंदा वेल आला तो बोटभर, तोही पिवळा.  खत घातलं, झाडांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, हात लावू नका. मी हात लावला नाही. थोड्याच दिवसांत होती नव्हती तेवढी पानंही गळाली.

त्या आठवड्यात आजी आली ती नातीच्या वर्गाबरोबर. पोरगी नुकती दहाची झालेली, दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं. आजीने वेल पाहिला आणि मला बाजूला घेतलं. "बाई, माझे हात थरथरायला लागलेत. पुढच्या साली काठी धरवणार नाही. हिला एकदा खणू दे. मला दुसरा कंद नाही आणि दुसरा डोंगरही नाही."

साहेबांना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. कुलूप काढलं, जाळी उचलून बाजूला ठेवली.

माती दगडासारखी झाली होती. कठड्यामुळे पाणी साचायचं, वाळलं की सगळं आवळून बसायचं. आजीने आणलेली खणायची काठी आत जाईना, म्हणून मी पहार आणून कठडा फोडला. आजीने नातीचं मनगट धरलं आणि दोघी कडेकडेने उकरू लागल्या. सगळा वर्ग भोवती गोळा झाला.

आधी वास आला. मग काळा, मऊ लगदा हाताला लागला. मुलांनी नाकं धरली.

"आजी, याला काय झालं?" नातीने विचारलं.

आजी बोटांनी लगदा बाजूला सारत राहिली.

"कीड लागली असेल," वर्गाच्या बाई घाईघाईने म्हणाल्या. "लिहून घ्या मुलांनो, कीड."

मला गप्प बसता आलं असतं. कुणी काही विचारणार नव्हतं. पण ती पोरं खरंच लिहायला लागली.

"कीड नाही," मी म्हटलं. "आजी तीन वर्षं सांगत होत्या, खणू दे. मी खणू दिलं नाही, म्हणून कुजला. हे लिहा."  साठ जोडी डोळे माझ्याकडे लागले होते.

आजीने वर पाहिलं नाही. कमरेच्या चाकूने खरवडत गेली ती थेट डोक्यापाशी. तिथे अंगठ्याएवढा पांढरा तुकडा शिल्लक होता. तिने तो नातीच्या तळहातावर ठेवला.

"यातलं कापून घ्यायचं?" पोरीने विचारलं.

"कापलं तर ठेवायला काही उरत नाही. सगळाच परत लावायचा."

मी माती फोडून भुसभुशीत केली. पोरीने तुकडा नीट उभा धरून खड्ड्यात ठेवला, आजीने सांगितलं तसा, कोंब वर करून. तो जगेल की नाही, आजीलाही माहीत नव्हतं. मग हात झटकत पोरगी म्हणाली, "आजी, याची चव कशी असते?"

आजीने तोंड उघडलं. थांबली. उकिडवी बसल्या बसल्या खड्ड्याकडे बघत राहिली. कुठला तरी शब्द शोधत असावी. मुलंही वाट बघत होती.

"आठवत नाही गं," ती म्हणाली. "तू विचारेपर्यंत वाटत होतं, आठवतंय."

मी मान खाली घालून माती लोटत राहिले.