धम्मप्रियाला झेलणारा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे; पण गाठोडे बांधायच्या सुतळीच्या रांगेत मला बसवू नका. मी माणूस झेलणारा दोर आहे, आणि हे मी छाती ठोकून सांगतो!

आत पांढऱ्या धाग्यांचा गाभा आणि वरून घट्ट लाल वीण, असा माझा जन्म झाला. सोलापूरच्या गौसचाचांनी मला विकत घेतले. साखर कारखान्यांच्या उंच चिमण्या रंगवणे हा त्यांचा धंदा. चादरींच्या गावचा माणूस तो! बोटांनी माझी वीण पारखली, मगच मला घरी नेले.

त्यांच्या शेजारी धम्मप्रिया राहायची. उंच काही दिसले की या मुलीचे पाय शिवशिवायचे. बारावीची परीक्षा संपली त्या दिवशी ती वस्तीतल्या पाण्याच्या टाकीवर जाऊन उभी राहिली. खाली ही गर्दी!

"अगं ए, उतर की खाली! जीव नकोसा झालाय का तुला?" तिची आई शालनबाई ओरडत होती.

उतरल्यावर सगळ्यांनी तिला फैलावर घेतले. कोणी म्हणाले, लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल. धम्मप्रियाने मान खाली घातली नाही. "वर गेलं की मला लई बरं वाटतं. त्यात काय चुकलं?"

तेव्हा गौसचाचा पुढे झाले. "वैनी, पोरीला भीती कमी हाय, ती काय खोट न्हाय. दोराबिगर चढली, ही खोट हाय. माझ्याकडं धाडा."

"पोरीची जात, अन् चिमणीवर?"

"चिमणीला काय ठावं, कोन चढतंय ते!"

धम्मप्रिया हट्टाने चाचांकडे जाऊ लागली, तशा शालनबाई बरेच दिवस चाचांशी बोलल्या नाहीत. इकडे चाचांनी धम्मप्रियाला सगळा उन्हाळा जमिनीवरच ठेवले. गाठ बांध, सोड, पुन्हा बांध! ती चिडायची, मला आपटायची. पण दुसऱ्या दिवशी हजर. शेवटी ती वर गेली, तेव्हा मी तिच्या कमरपट्ट्याला होतो. वाऱ्याने तिच्या बसायची फळी झुलू लागली आणि ती मोठ्याने हसली. त्या हसण्यासाठी मी कितीही ताण सोसला असता.

अशी आम्ही पुष्कळ वर्षे कामे केली. मग माळशिरसकडच्या एका कारखान्यावर फळीचा आकडा निसटला. फळी खाली गेली. धम्मप्रियाही गेली असती, पण मी होतो. एकच हिसका बसला. चिमणीच्या काठावर माझी वीण फाटली, आतला पांढरा गाभा उघडा पडला. मी सुटलो नाही.

खाली आल्यावर तिने आधी मला चाचपले. 

ठेकेदार वीरभद्रप्पा घाई करू लागला. "एवढंसं तर खरचटलंय. फळी बांधून देतो, चढ!"

"गाभा दिसलाय, म्हंजी दोर संपला. ह्या दोरावर न्हाय चढणार."

"घाबरलीस व्हय? मग उद्यापासून येऊ नकोस."

"नका बोलावू. पन ह्या दोरावर मीबी चढणार न्हाय, अन् दुसऱ्या कुणाला चढूबी देणार न्हाय!"

तिने सुरी घेतली आणि चुकूनही कोणी वापरू नये म्हणून माझे तुकडे केले. गौसचाचा तिच्या बाजूला येऊन उभे राहिले. दोघे ते काम सोडून निघून आले. ठेकेदाराला दुसरे कोणी मिळाले नाही. आठवड्याने तो नवा दोर घेऊन दारात आला, तेव्हा शालनबाईंनीच त्याला विचारले, "दोर नीट बघून आणलाय न्हवं? माझी पोरगी त्यावर चढणार हाय."

मित्रांनो, ज्याला उंचीची ओढ आहे त्याला दाव्याने बांधू नका. त्याला दोर द्या, आणि तो रोज तपासायला शिकवा. दोराचे दिवस भरले, की हळहळ न करता कापून टाका. मला कापले आहे. मी तुटलो मात्र कधीच नाही!