एका नावाने सहा जण

मी एक जुना लॉगिन आहे. दोन चौकटी आणि एक बटण, एवढाच माझा देह. वरच्या चौकटीत नाव लिहायचं, खालच्या चौकटीत पासवर्ड, आणि दोन्ही जुळले तरच मी आत सोडतो. मित्रांनो, आत काय आहे ते आधी सांगतो. एका डायलिसिस केंद्राच्या वेबसाइटचं ॲडमिन पॅनल माझ्या पाठीमागे आहे. मूत्रपिंडं निकामी झालेली चाळीस माणसं आठवड्यातून तीनदा या केंद्रात येतात आणि चार चार तास यंत्राला जोडून रक्त शुद्ध करून घेतात. कोणी कुठल्या वारी, किती वाजता यायचं, हे त्या पॅनलमध्ये ठरतं आणि त्यांना फोनवर दिसतं. एक वार चुकला तर जिवावर बेतू शकतं.

मला घडवलं एका प्रोग्रामर बाईंनी. त्यांनी केंद्रातल्या सहाही कर्मचाऱ्यांना वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला. पासवर्ड असे गुंतवून ठेवले की ते मलाही वाचता येत नाहीत. पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की मी तोंडावर दार लावतो. शिवाय त्यांनी मला एक नोंदवही दिली : कोणी, काय, कधी आणि कुठल्या कॉम्प्युटरवरून बदललं, सगळं त्यात. "उद्या कोणी विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे," असं त्या म्हणायच्या.

मग मला बघायला मोठे डॉक्टर आले. केंद्र त्यांचं. त्यांनी मला अर्धा मिनिट न्याहाळलं आणि म्हणाले, "बटण निळं करा. हिरवं डोळ्यांना टोचतं." संपलं! तीन आठवड्यांच्या कामावर एवढंच बोलून ते चहाला गेले.

त्यांच्याहून थोर होते व्यवस्थापक. कीबोर्डवर एकच बोट चालवणारा आणि प्रत्येक अक्षराला ओठ हलवणारा हा गृहस्थ स्वतःला कॉम्प्युटरमधला जाणकार समजायचा. बाईंची पाठ वळताच त्यांनी पाच जणांची नावं बंद केली आणि फक्त स्वतःचं, सर्वाधिकार असलेलं 'admin' ठेवलं. पासवर्ड कागदावर लिहून तो कागद खालच्या काउंटरवरच्या मॉनिटरला चिकटपट्टीने डकवला. औषध पोचवणारा माणूससुद्धा तो वाचून जायचा.

काउंटरवर एक बाई बसायची. सगळे तिला नोंदणीताई म्हणत. ती एकटीच बोलली. "साहेब, माझं नाव राहू द्या ना वेगळं."

"तुझ्या नावाचं काय लोणचं घालायचंय?" व्यवस्थापक म्हणाले.

बाकीचे हसले. हसणाऱ्यांना काय, पासवर्ड लक्षात ठेवण्याचे कष्ट वाचले! दोन वर्षं ही सहा माणसं एकाच नावाने माझ्यातून ये-जा करत राहिली. नोंदवहीच्या पानोपानी admin, admin, admin. अशा माणसांसाठी मी दार म्हणून उभा होतो. दारावरचा पडदा लावला असता तरी चाललं असतं.

केंद्रात एक निवृत्त बसचालक येत. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी आठ ही त्यांची वेळ. एका सोमवारी त्यांचा मंगळवार बुधवारवर गेला. फोनवर तसं दिसल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, फोन करून विचारूया का?" ते म्हणाले, "त्यांनी बदललंय म्हणजे काही कारण असेल." शनिवारनंतर चौथ्या दिवशी, बुधवारी, त्यांना उचलूनच आणावं लागलं. पाय सुजून बूट चढत नव्हते आणि दोन शब्दांमध्ये तीनदा श्वास घ्यावा लागत होता. तिथूनच त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवलं.

मुलीने काउंटरवर हात आपटला. "कोणी बदलला वार?"

व्यवस्थापक पुढे झाले. "वार बदलायचं काम नोंदणीचं. दुसरं कोण बदलणार?"

"मी हात लावलेला नाही," नोंदणीताई म्हणाली. "नोंदवही उघडा."

मोठ्या डॉक्टरांनी ती पहिल्यांदाच उघडली. "हे admin म्हणजे कोण?"

"आम्ही सगळेच," कोणीतरी पुटपुटलं.

डॉक्टरांनी पहिला रकाना वाचला आणि वही मिटली. पुढचे रकाने वाचायचा कंटाळा! सगळ्या रुग्णांच्या देखत त्यांनी नोंदणीताईला घरी पाठवलं. ती डबा तिथेच विसरून गेली. मित्रांनो, इतरांना नावं ठेवणारा मी, त्या दिवशी तिच्या बाजूने एक अक्षर बोलू शकलो नाही. तिचं नाव माझ्याकडे असायला तर हवं!

पण ती गप्प बसणारी नव्हती. तिने प्रोग्रामर बाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी दोघी थेट डॉक्टरांच्या खोलीत आल्या. व्यवस्थापकांनाही बोलावणं गेलं.

"बदल सोमवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी झाला," बाई म्हणाल्या. "वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरवरून. वर एकच कॉम्प्युटर आहे."

"माझ्या केबिनमध्ये कोणीही येतं-जातं," व्यवस्थापक म्हणाले.

"बरं. मंगळवारी आठच्या जागी नाव कोणाचं लागलं?"

डॉक्टरांनी चष्मा चढवला. "हे तुमचे साडू ना? ते तर दुपारी येतात डायलिसिसला."

व्यवस्थापकांनी पाणी मागितलं. मग म्हणाले, "त्यांना दुपारची वेळ जमत नव्हती. एका दिवसाने काय होतंय, असं वाटलं."

एका दिवसाने काय होतं ते रुग्णालयातल्या खाटेवर पडलं होतं. पण हे त्यांना सांगणार कोण? त्यांचे सर्वाधिकार त्याच दुपारी गेले आणि बाकी पाच जणांची नावं माझ्याकडे परत आली. आता ते यादी फक्त बघू शकतात, आणि महिना झाला तरी "माझं बटण दिसत नाही" म्हणून कुरकुरतात.

नोंदणीताईने परत यायला एकच अट घातली. "ज्यांच्यासमोर मला घालवलंत, त्यांच्यासमोर सांगा." डॉक्टर रुग्णांसमोर उभे राहिले, घसा तीनदा साफ केला आणि "चूक माझी" एवढं म्हणाले. मला ते अपुरं वाटलं. तिने मात्र मान हलवली आणि कामाला बसली.

चालककाका नऊ दिवसांनी घरी आले. त्यांचा मंगळवार त्यांना परत मिळाला, पण फोनवरच्या अक्षरांवर ते आता विश्वास ठेवत नाहीत. दर सोमवारी काउंटरला फोन करतात.

"उद्या आठ ना, ताई?"

"आठच, काका. मी स्वतः बघितलंय."

"तू म्हणतेस ना? मग झालं."

ते ऐकून मला बरं वाटतं आणि लाजही वाटते. मित्रांनो, मला तुमची स्तुती नको. माझं बटण निळं आहे की हिरवं, हेही बघू नका. फक्त तुमचं नाव चार जणांना वापरायला देऊ नका आणि दुसऱ्याचं नाव पुसू नका. कारण पुसलेल्या नावाचं माणूस एक दिवस काउंटरपाशी उभं राहून "मी केलं नाही" म्हणतं, आणि ते खरं असलं तरी माझ्यासारख्याला गप्प बसावं लागतं.