खडीवरच्या हाका

चार तळ्यांचा फेरा एकाहत्तर किलोमीटरचा, त्यातले बावन्न खडीचे. दर रविवारी थोडंथोडं आणि वर्षातून एकदा, थंडी ओसरली की, हा अख्खा फेरा सायकलवर, असा आप्पांचा नेम. पूर्वी तिघं असायचे. पुढे आप्पा, मध्ये त्यांची सून, शेवटी मुलगा. अडीच वर्षांपूर्वी एका मंगळवारी मुलगा ऑफिसात डबा खाता खाता कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. तेव्हापासून दोघंच.

खडीवर मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही, दिसते ती पुढच्याची पाठ. म्हणून पुढचा ओरडतो, "खड्डा!", "वाळू!", "डावीकडून!", आणि मधला तीच हाक मागे पोचवतो. हे काम सुनेचं होतं. नवरा गेल्यावर दोघं पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा आप्पा "खड्डा!" म्हणाले आणि तिच्या तोंडून सवयीने "खड्डा!" निघून गेलं. मागे रिकामा रस्ता. आप्पांनी ऐकलं. पुढच्या हाकेलाही तेच झालं. तेव्हापासून ती प्रत्येक हाक मागे पोचवत आली होती आणि दोघांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

आज तिला त्यांना सांगायचं होतं की ती लग्न करते आहे. सहा आठवडे उरले होते. सांगायचं सांगायचं म्हणत तिने चार रविवार घालवले होते. तिला तो माणूस हवा होता आणि आप्पाही हवे होते. सासर म्हणून तिच्याकडे हा एकच माणूस उरला होता, आणि खरं तर माहेर म्हणूनही.

पहिल्या तळ्यावर तिने नेहमीसारखी पिशवीतून बाटली काढली. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. प्रत्येक तळ्याचा नमुना घेतल्याशिवाय तिचा पाय निघत नसे.

"झालं का बाटलीबाई? की तळं कोरडं करूनच येणार?"

"दोनशे मिली घेतलंय, आप्पा. तळ्याला पत्ताही लागणार नाही."

"मला लागतो ना. तुझ्या या काचसामानापायी प्रत्येक चढावर थांबावं लागतं मला."

"चढावर तुम्ही दम खायला थांबता. माझं नाव कशाला पुढे करता?"

आप्पा खूश झाले. कोणी तोंडावर उलट बोललं की त्यांना बरं वाटायचं. हयात त्यांनी पुलांची तपासणी करण्यात घालवली होती, आणि पुलांना उलट बोलता येत नाही.

दुसऱ्या तळ्यापलीकडे तीन कमानींचा जुना दगडी पूल होता. आप्पा खाली उतरले, मधल्या खांबावर बोटांच्या सांध्यांनी ठोकलं, कान लावला.

"चारशे वर्षं उभा आहे. आणि आमच्या खात्याने बांधलेले... जाऊ दे."

"आप्पा, एक सांगायचं होतं."

"थांब, आधी ही फट बघ. मागच्या वर्षी माझं नख जात नव्हतं, आता बोट जातंय." ते तिला फट दाखवत राहिले. तिने बघितली, मान डोलावली, आणि बोलायचं राहिलं ते राहिलंच.

तिसऱ्या तळ्याचा बांध लांबलचक आणि सरळ होता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पडका टेहळणीचा बुरूज. ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. आप्पा, मी लग्न ठरवलंय. नको, 'ठरवलंय' म्हटलं की न विचारता केल्यासारखं होतं. आप्पा, तुम्ही नाही म्हणालात तर. तेही नको, ते खोटं होतं.

"वाळू!" आप्पा ओरडले.

तिने ऐकलं. हँडल सरळ धरलं, अंग मागे टाकलं आणि पायडल चालू ठेवलं. सगळं बिनचूक केलं, फक्त तोंड उघडलं नाही.

आप्पांनी वाट पाहिली. पायडलचे एक-दोन फेरे झाले. मग त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. वाळूत असं कोणी करत नाही. पुढचं चाक रुतलं, आडवं झालं आणि आप्पा खांद्यावर पडले.

सायकल टाकून ती धावली.

"लागलं?"

"कोपर सोललंय. बाकी माल जागच्या जागी आहे."

तिने पिण्याच्या पाण्याने कोपर धुतलं. आप्पा म्हणाले, "तळं समोर असताना प्यायचं पाणी कशाला वाया घालवतेस?"

"तळ्यात काय काय असतं ते मला विचारा. आणि वाळूत मागे कोण बघतं, आप्पा? तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

"तुझी हाक आली नाही. मला वाटलं, पडलीस."

"लक्ष नव्हतं माझं."

"अडीच वर्षांत एकदाही चुकली नाहीस."

ती कोपरावर रुमालाची गाठ मारत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मागे कोणी नाही, आप्पा."

आपण काय बोललो ते गाठ आवळून झाल्यावर तिला ऐकू आलं. आप्पांनी हात हळूच सोडवून घेतला आणि बांधावरच्या दगडावर बसले. 

"कोण आहे तो?" त्यांनी विचारलं.

"तुमचा दातांचा डॉक्टर."

"माझी दाढ काढली तो?"

"हो."

"तरीच! अर्ध्या तासाचं काम, आणि मी दीड तास आ वासून बसलो होतो."

"तेव्हा काही नव्हतं हो! टाके काढायला गेलो, त्यानंतर."

"म्हणजे तुला तिथे नेणारा मीच."

"मी नेलं तुम्हाला. तुम्ही दारातून परत फिरत होतात."

"तेही खरं." आप्पांनी कोपर चाचपलं. "सायकल येते का त्याला?"

"नाही. गुडघा दुखतो त्याचा."

"मग त्याचं करणार काय तू?"

तिला हसू आलं आणि त्याच दमात रडू आलं. आप्पांनी तिला दोन्ही करू दिलं.

"चांगला आहे?"

"चांगला आहे. तुमची चौकशी करतो."

"मग कर. तुझं वय काय, माझं काय. मी कशाला आडवा येऊ?"

महिनाभर छातीवर बसलेलं ओझं उतरलं. ती घाईघाईने म्हणाली, "आणि मी रविवारी येतच राहणार, आप्पा. आपलं काहीच बदलायचं नाही."

"नको," आप्पा म्हणाले. "येऊ नकोस."

"आप्पा..."

"ऐक. रागाने नाही बोलत. तू हाक मागे पोचवायचीस ना, तेव्हा मी मुद्दाम जास्त ओरडायचो. नसलेले खड्डेसुद्धा. तुला कळलं नसेल."

खड्डे नसतात हे तिला कळलं होतं. पण तिला वाटायचं, त्यांची नजर अधू होत चालली आहे.

"माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण पुढे असणाऱ्याला मागचं दिसत नाही. तेवढ्याचा मी फायदा घेतला. तू हाक दिलीस की वाटायचं, पोचली. आता तू पुन्हा हाक द्यायला लागलीस तर ती माझ्यासाठी दिलेली असेल, त्याच्यासाठी नाही. ते मला सोसायचं नाही, पोरी."

"मग मी पुढे राहते. तुम्ही माझ्या मागे या."

"आणि माझ्या मागे?"

प्रयोगशाळेत एखादा आकडा पटला नाही की ती नमुना पुन्हा तपासायची. इथे पुन्हा तपासण्यासारखं काही नव्हतं.

खडीच्या उरलेल्या अठरा किलोमीटरला ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या होत्या आणि मध्ये गवताची पट्टी. आप्पा डाव्या चाकोरीत गेले, ती उजव्या. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच शेजारी शेजारी चालले होते. ज्याचा रस्ता त्याला दिसत होता. कोणी कोणाला काही सांगायची गरज नव्हती, आणि कोणी सांगितलंही नाही.

चौथ्या तळ्यावर ती न थांबता पुढे निघाली तर आप्पांनीच ब्रेक दाबला. "घे की. तीन तळ्यांचं घेतलंस, यानेच काय पाप केलं?" तिने बाटली भरली, तारीख आणि वेळ लिहिली. अक्षर नीट आलं.

डांबरी रस्ता लागला तिथे आप्पांनी पंप काढला. खडीवर चाकात हवा कमी ठेवायची आणि डांबरावर भरून घ्यायची. इथून त्यांचं घर डावीकडे होतं, तिचं स्टेशन उजवीकडे. सोललेल्या कोपरानिशी त्यांनी तिच्या सायकलची दोन्ही चाकं भरली. तिने पंप मागितला तर दिला नाही. भरून झाल्यावर मात्र तो आपल्या पिशवीत न टाकता तिच्या हातात ठेवला.

"ठेव तुझ्याकडे."

"आणि तुम्हाला?"

"मी आता डांबरावरच. पेपर आणायला जायचं, तेवढ्याला कोपऱ्यावरचा सायकलवाला आहे."

"लग्नाला याल ना?"

"बघू," म्हणाले आणि सायकलवर बसले. वळणापर्यंत त्यांची पाठ दिसत होती. मग तीही दिसेनाशी झाली.

पंपाची नळी गरम होती. हवा दाबली की नळी तापते, एवढंच कारण, ती शाळेपासून जाणून होती. तरी ती गार होईपर्यंत दोन्ही हातांत धरून ती तिथेच उभी राहिली.