भिंतीपलीकडची विकेट

क्लिफ ओल्डरॉइडच्या दोन वर्षांच्या कमाईचं गुपित एका भिंतीत होतं. लीड्समधल्या त्या गल्लीतली घरं एकमेकांना चिकटलेली आणि भिंती अशा, की शेजारी चहात साखर ढवळली तरी कळावं. पलीकडे राहायची युनिस अ‍ॅलेन. निवृत्त नर्स, मूळची बार्बाडोसची. क्रिकेट ऐकायची ती नवऱ्याच्या जुन्या रेडिओवर. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, रेडिओ मात्र ठणठणीत होता.

आता गंमत अशी, की क्लिफच्या टीव्हीवर तोच चेंडू रेडिओनंतर सात सेकंदांनी पडायचा. इंग्लंडची विकेट गेली की युनिसबाई आधी टेबलावर धाडकन हात मारणार आणि लगेच चर्चमधलं एक गाणं खड्या आवाजात सुरू करणार. क्लिफच्या टीव्हीवर तेव्हा गोलंदाज अजून पँटवर चेंडू घासत उभा. तेवढ्या वेळात क्लिफ टॅबलेटवर ‘या ओव्हरमध्ये विकेट पडणार’ यावर पैसे लावून मोकळा व्हायचा. बेटिंग एक्स्चेंजवर बुकी नसतो. तिथे माणूस माणसाशीच पैज लावतो, फक्त समोर कोण बसलंय ते दिसत नाही. असेल कोणीतरी टीव्हीवर विश्वास ठेवणारा भाबडा, असं क्लिफला वाटायचं. त्याला त्या भाबड्याची दयाही यायची, पण ती जेमतेम सात सेकंद टिकायची.

हे सगळं झकास चाललं होतं आणि एका सकाळी युनिसच्या दारासमोर ‘घर विकणे आहे’ अशी पाटी लागली. शनिवारच्या विमानाने ती बहिणीकडे बार्बाडोसला, ब्रिजटाउनमध्ये चालली होती, ती कायमची. क्लिफ पाटीपुढून हलेना. कमाई जाणार म्हणून नाही. सदुसष्टाव्या वर्षी त्याला स्वतःशी कबूल करावं लागलं, की सामना नसेल त्या दिवशीही तो भिंतीला खुर्ची टेकवूनच बसतो. तिला ‘जाऊ नका’ म्हणायचं तर भिंतीचा चोरटेपणाही सांगावा लागणार. सत्तावीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासली, फुकट्या प्रवाशांना खाली उतरवलं, आणि आता हा माणूस स्वतःच फुकटा निघाला होता.

कोपऱ्यावरच्या पबात सगळे एक्स्चेंजवाले. तिथे कशाचाही भाव निघायचा. कोणाची कुत्री कधी पिल्लं देणार, कोणाचा जावई कधी नोकरी सोडणार, सगळं हॅडली नावाचा मालक पाटीवर खडूने लिहायचा. मंगळवारी क्लिफ आत शिरला आणि पाटी वाचून जागीच थांबला. ‘शनिवारच्या आत क्लिफ युनिसला मागणी घालणार. एकाला चाळीस.’

“हे कोणी लिहिलं?”

“मी,” हॅडली ग्लास पुसत म्हणाला. “कमी वाटतो का भाव? पन्नास करू?”

“चाळीस म्हणजे कमीच झाले,” खिडकीजवळून कोणीतरी म्हणालं. “हा बाबा दोन वर्षांत तिच्याशी पावसाशिवाय दुसरं काही बोललेला नाही.”

“गारांबद्दल बोललोय एकदा,” क्लिफ पुटपुटला.

“बघ बाबा. दहा पौंड लावणारं एक गिऱ्हाईक मात्र भेटलंय मला.”

“कोण?”

“ते सांगत नसतात. धंद्याचा नियम आहे.”

क्लिफ घरी आला. बुधवारी दोनदा तिच्या दारापर्यंत गेला, दोन्ही वेळा तिच्या कचऱ्याचा डबा उगाच सरळ करून परतला.

गुरुवारी ब्रिजटाउनला कसोटी सुरू झाली. लीड्समध्ये दुपारचे तीन, बाहेर बर्फाचा चिखल. इंग्लंडची फलंदाजी. टीव्हीवर ओव्हरचा शेवटचा चेंडू बाकी होता. एक्स्चेंजवर ‘विकेट पडणार नाही’ म्हणून कोणीतरी तीनशे पौंडांपर्यंतच्या पैजेला एकाला सहा भाव देऊन बसला होता. एकच चेंडू उरलेला असताना कोणी शहाणा असा भाव देत नाही. क्लिफ त्या वेड्याची कीव करतोय न करतोय, तोच पलीकडे धाडकन आवाज झाला.

त्याच्या बोटाने विचारबिचार केला नाही. तीनशे पौंड लागले.

टीव्हीवर गोलंदाज धावत आला, चेंडू टाकला, फलंदाजाने तो सोडून दिला. यष्टिरक्षकाने झेलला. ओव्हर संपली. तीनशे पौंड गेले.

पण क्लिफ स्क्रीनकडे बघतही नव्हता. तो गाण्याची वाट बघत होता. धाडकन झालं की गाणं येतंच, दोन वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. भिंत गप्प होती. म्हणजे तो हात टेबलावर पडला नव्हता, ती स्वतः पडली होती. क्लिफची पाचावर धारण बसली. टॅबलेट कोचावर, एक सपात पायात, दुसरी कुठे कोण जाणे, असा तो चिखलातून धावला आणि तिचं दार ढकलून स्वयंपाकघरात घुसला.

युनिस टेबलाशी बसून चहा पीत होती. बाजूला रेडिओ, अगदी बारीक आवाजात. समोर टॅबलेट.

“एकवीस सेकंद,” ती घड्याळाकडे बघत म्हणाली. “मी पंधरा धरले होते.”

“सपात शोधत होतो,” क्लिफ धापा टाकत म्हणाला. “तुम्ही पडला नाहीत?”

“मी कशाला पडू? बसा. तुमचे तीनशे कोणी घेतले, ते नाही विचारलंत, मिस्टर ओल्डरॉइड.”

तिने टॅबलेट त्याच्याकडे वळवला. क्लिफने वाचलं. पुन्हा वाचलं. तो वेडा, तो एकाला सहा भाव देणारा, इथे बसून चहात बिस्किट बुडवत होता.

“आणि विकेट पडली असती म्हणजे?” त्याला दुसरं काही सुचेना. “अठराशे गेले असते तुमचे.”

“कसे जातील? रेडिओवर ओव्हर संपली होती.”

“तुम्हाला... भिंतीचं कधीपासून...”

“प्रत्येक विकेटनंतर तुम्ही ‘शाब्बास युनिस, जिंकलो पैज’ म्हणता. भिंतीला काय एकच बाजू असते? आधी राग आला होता. मग वाटलं, नऊ वर्षांत शाब्बास म्हणणारं दुसरं आहे कोण? पण नुसतं शाब्बास ऐकत किती दिवस बसायचं? म्हटलं जाता जाता बघावं, हा माणूस नुसत्या पैशांसाठी कान लावून बसतो, की मी पडले तर येईल.”

“पैसे तिकडेच टाकून आलो,” क्लिफ म्हणाला.

“एका सपातेवर. दिसतंय मला.” तिने बिस्किटांची बशी पुढे सरकवली. “आणि हॅडलीकडचे दहा पौंड माझे आहेत. शनिवारी मुदत संपते, एवढंच सांगते.”

क्लिफ हसायला लागला. इतका हसला, की त्याला खुर्चीचा आधार घ्यावा लागला, आणि हसता हसताच त्याची सगळी भीड कुठल्या कुठे गेली. ओल्या मोज्यासकट तो टेबलाजवळ उभा राहिला.

“युनिस, जाऊ नका. माझ्याशी लग्न करा.”

ती घड्याळाकडे बघत राहिली. एक, दोन, तीन. दोन वर्षं प्रत्येक गोष्ट जगाच्या सात सेकंद आधी कळणारा क्लिफ, आता त्याला पुढचं काहीच कळत नव्हतं. पाच. सहा.

धाडकन टेबलावर हात पडला. कप उडाला, चहा बशीत सांडला, आणि युनिस खड्या आवाजात गायला लागली. भिंतीच्या या बाजूने ते गाणं फारच मोठं होतं.

गाणं संपल्यावर क्लिफने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, “ते माझे तीनशे?”

“ते विमान कंपनीला द्यायचेत, क्लिफ. तिकीट रद्द करायचं तर तेवढेच कापतात. माझ्या खिशातून का देऊ? तू खुर्ची ओढ आणि बस, पुढची ओव्हर सुरू झाली.”