टॉवेल टाकून धरलेली जागा

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे, पण एकट्यादुकट्याची नव्हे. माझ्यात दोन माणसं शेजारी शेजारी बसतात आणि डोक्यावर टांग्यासारखा टप असतो. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या ओस्टरहाफेन गावात मला विणलं. त्या गावाने इंग्लंडातल्या थॉर्नकोव्हशी जुळ्या गावांचं नातं जोडलं आणि सोयरिकीची भेट म्हणून मला समुद्रापार धाडलं. थॉर्नकोव्हात माझ्यापुढे बँड वाजला, नगराध्यक्षांनी तोंडभर कौतुक केलं. मग सगळे चहाला गेले आणि मला किनाऱ्यावर समुद्रपक्ष्यांच्या हवाली केलं. असो.

दर ऑगस्टात ओस्टरहाफेनची मंडळी पाहुणी येत. पहिल्याच वर्षी पावसाची सर आली आणि दोन अनोळखी बायका धावत माझ्यात शिरल्या. एक गावातलीच डोरीन, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी. दुसरी पाहुणी हाइडरून, पेशाने नर्स. हाइडरूनला आडवळणाने बोलणं ठाऊकच नव्हतं.

"युद्धात तुमच्या विमानांनी आमचं घर पाडलं," ती म्हणाली. "माझी आई आत होती."

डोरीनचे वडील जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या जहाजावर होते. तिच्याकडेही सांगण्यासारखं केवढं होतं! पण इथल्या माणसांचं मन भरून आलं की ती हवेबद्दल बोलतात.

"गारवा आहे नाही आज?" डोरीन म्हणाली आणि थर्मासमधला चहा ओतून तिने कप पुढे केला.

हाइडरूनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी आईबद्दल बोलतेय आणि तुम्ही हवेबद्दल?"

पण कप घेताना तिला दिसलं, थर्मास रिकामा झाला होता; डोरीनने सगळा चहा तिलाच दिला होता. ती चहा प्यायली. मला वाटतं, दोघींची मैत्री तिथेच झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हाइडरूनने माझ्यावर निळा टॉवेल टाकून जागा धरली. ही जर्मनांची खोड आणि इंग्रजांचा आवडता टोमणा!

"अगंबाई, सगळा किनाराच जिंकलात की काय?" डोरीनने चिडवलं.

"उशिरा उठणाऱ्यांनी बोलू नये. ती बाजू तुमच्यासाठी धरलीय. बसा."

पुढे तुम्हीचं तू झालं. डोरीनचा केक कोरडा असतो, हे हाइडरून दर वर्षी तोंडावर सांगायची आणि दोन तुकडे खायची. एकदा माझ्या टपाखाली डोरीन वडिलांबद्दलही बोलली. त्या दिवशी चहा तसाच राहिला.

मग दोघी म्हाताऱ्या झाल्यावर इंग्लंडात ते मतदान झालं. जर्मनीसोबत युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं? गावातल्या बहुतेकांनी बाहेर पडायचं ठरवलं. त्या ऑगस्टात हाइडरूनने बसल्या बसल्या विचारलं, "तू कुठल्या बाजूने मत दिलंस?"

"चहा गार होतोय गं."

"डोरीन, मी काहीतरी विचारतेय."

"केक घे ना. यंदा लोणी जास्त घातलंय."

हाइडरून उठली आणि टॉवेलची घडी घालू लागली. "बाहेर म्हणाली असतीस तर मी भांडले असते. खूप भांडले असते! पण जी उत्तरच देत नाही तिच्याशी मी भांडू तरी कशी?"

ती गेली. पुढच्या ऑगस्टात आलीच नाही. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. एका बाजूलाच ओझं पडायची सवय मला नव्हती.

पाहुणे कमी होत गेले. खाऱ्या वाऱ्याने माझा वेत कुरतडला, टप वाकडा झाला. एकदा नगरपालिकेचे दोघे मला मोडीत काढायला आले. पाहतात तर माझ्या डाव्या बाजूवर टॉवेल, उजवीकडे डोरीन.

"ही जागा धरलेली आहे," ती म्हणाली.

"डोरीन आजी, तुम्हीपण जर्मन झालात की!" एकजण हसला.

"झाले तर झाले. हात लावायचा नाही."

ते डोकं खाजवत परत गेले. डोरीनने माझे तुटके वेत सुतळीने बांधले. ऑगस्ट लागला की रोज सकाळी ती टॉवेल टाकायची आणि संध्याकाळी तसाच उचलून न्यायची. गाव हसायचं. पण जे चार पाहुणे अजून येत, त्यांनी हे पाहिलं आणि घरी जाऊन हाइडरूनला सांगितलं.

पुढच्या ऑगस्टात वाळूवरून काठी टेकत हाइडरून आली. टॉवेलपाशी थांबली.

"ही जागा कुणाची?"

"तुझीच." डोरीन म्हणाली. "मी बाहेर पडायच्याच बाजूने मत दिलं होतं, हाइडरून. तुला सांगायची छाती झाली नाही. पण तू जावीस असं मला एक दिवससुद्धा वाटलं नाही गं."

आता ही भांडणार, असं वाटून मी जीव मुठीत धरला. हाइडरून टॉवेल बाजूला करून बसली.

"गारवा आहे नाही आज?" ती म्हणाली आणि चहासाठी हात पुढे केला.

मित्रांनो, माझा वेत आता फार टिकायचा नाही. जमलं तर तो नव्याने विणा, टपाला तेल द्या. तेही नाही जमलं तर चालेल, पण रागावून उठून गेलेल्या माणसाची जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाकू नका.