तोरणमाळचे दोन दिवस

तोरणमाळच्या जंगलबंगल्याचा परवाना अभिमनने महिनाभर खेटे घालून मिळवला होता. तो आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण आणि त्याचा आदला दिवस, एवढ्यापुरताच होता. धुळ्याच्या शाळेत तो मास्तर. आईने धुळ्यात बिऱ्हाड करू दिले नव्हते, म्हणून बायको कुंदा पारोळ्यालाच आणि तो रविवारपुरता घरी. लग्नाला सहा वर्षे झाली, तरी सलग दोन दिवस नवराबायको एकटी अशी एकमेकांच्या वाट्याला आली नव्हती. पारोळ्यात चैत्र सरताच कडुनिंबाची सावलीसुद्धा तापते. वर तोरणमाळला मात्र अजून गारवा असतो, तळ्याकाठी मोह गळत असतो, असे त्याने तिला सांगितले होते. तेव्हापासून तिने ते तळे मनातल्या मनात अनेकदा पाहिले होते.

परंतु देवदर्शनावाचून सुनेने नवऱ्याबरोबर एकटीने बाहेर पडावे, अशी रीत त्या घरात नव्हती. म्हणून अभिमनने वाट काढली. तिथल्या गोरखनाथाला संततीसाठी नवस बोललो आहोत, असे त्याने आईला सांगितले. भिकुबाई गहिवरल्या. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या,

"नवस शे तं मी बी येसू. बठ्ठा जाऊत."

दुसऱ्या दिवशी सगळ्या घराची निघायची तयारी सुरू झाली, नारळ आले. थोरली जाऊ पुष्पाबाई पोरांचे कपडे काढून बसली. चुलीवर दशम्यांची चळत वाढू लागली. अभिमन ओसरीवर वर्तमानपत्र धरून बसला होता, पण त्याने बराच वेळ पान उलटले नव्हते.

तशात कुंदाचा धाकटा भाऊ हिलाल एरंडोलहून मुराळी होऊन आला. आखाजीला लेक माहेरी नेण्यासाठी त्याने दमणी जुंपून आणली होती. नवसाची हकिकत ऐकून तो हिरमुसला, पण गप्प बसणारा नव्हता.

"अक्का, झोकावर पोरी तुन्हं नाव लीसन गाना म्हनतीन," तो म्हणाला, "आखाजी सोडीसन देवले गई म्हनीन."

सगळे हसले. कुंदाला हसू आले नाही. सासू नातवंडासाठी मनापासून नारळ निवडत होती, एकेक कानाशी हलवून पाहत होती. सगळ्यांच्या गर्दीत तळे हातचे जाणार, याचे दुःख तिला होतेच. पण त्या नारळांकडे तिला पाहवेना. अशा खोट्यावर मिळालेले दोन दिवस तिला नको होते, आणि दोन दिवस तर हवेच होते. ती उठून सासूसमोर बसली.

"आत्याबाई, नवस नही शे. आमले दोन्ही जनलेच जानं शे."

पुष्पाबाईच्या हातातली घडी तशीच राहिली. अभिमनने वर्तमानपत्र खाली ठेवले आणि नवसाची कल्पना आपली होती, असे हळू पण स्पष्ट सांगितले. भिकुबाईंनी त्याच्याकडे पाहिले नाही. त्यांची नजर सुनेवर होती.

"मंग देवनं नाव कसाले लिधं?"

"खरं सांगतू तं तुम्ही जाऊ देतात का?"

भिकुबाईंनी हातातला नारळ खाली ठेवला. त्या बाईला खोटे खपत नसे, स्वतःचेही.

"नही देती," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "आठ दिनमा एक दिन घर येस, त्यामा बी निम्मा दिन झोपी जास. अन् मी देवकडे नातू मांगस."

पुष्पाबाईने तोंडाला पदर लावला. भिकुबाईंनी दशम्यांचे मोठे गाठोडे सोडले, मोजून दोघांपुरत्या आठ दशम्या आणि लसणाची चटणी वेगळ्या फडक्यात बांधली, उरलेल्या पोरांपुढे सारल्या. परत आल्यावर माहेरी जाऊन आईची समजूत तूच घालायची, ते काम मी करणार नाही, असेही त्यांनी सुनेला बजावले. हिलालला मात्र त्यांनी रिकाम्या हाताने जाऊ दिले नाही. या दोघांना मोटारीपर्यंत पोहोचवून मग एरंडोलची वाट धर, असे सांगितले.

हिलालने कुरकुरत बैल जुंपले. दाजी आपल्या बहिणीला पळवून नेत आहेत आणि गाडी आपलीच, हे गावात कसे सांगावे, अशी त्याची तक्रार होती.

कुंदा सासूच्या पाया पडली आणि दमणीत चढून बसली. अभिमन उंबऱ्याशी अजून घुटमळत होता. शेजारच्या ओट्यावर दोन बायका पाहत उभ्या होत्या. कुंदाने पदर सावरला आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती नवऱ्याला म्हणाली,

"बसा आते. मोटार थांबाव नही."